खैरीची वाट

दगडपांगरीत त्याला शालिग्राम गायकी म्हणत. गायकी म्हणजे गाणारा नव्हे. गाणं त्या घराण्यात सात पिढ्यांत कुणाच्या गळ्यात नव्हतं. आपल्या वऱ्हाडात गावाची गुरं राखणाऱ्याला गायकी म्हणतात. अकराव्या वर्षी बापानं त्याच्या हातात काठी दिली आणि पुढं सत्तेचाळीस वर्षं शालिग्रामनं सकाळी गावाबाहेरच्या आखरावर गुरं गोळा केली, डोंगरावर नेली आणि दिवेलागणीच्या आत घरोघर पोचवली. एवढ्या वर्षांत चार गाई बिबट्यानं नेल्या, एक गोऱ्हा कड्यावरून पडला आणि दोन म्हशी परगावच्या कळपाबरोबर पळून गेल्या. हे तो कुणी न विचारता सांगायचा. म्हशींचं सांगताना त्याचा आवाज जास्त दुखावलेला असायचा, कारण बिबट्याचा इलाज नाही, पण म्हशींना त्यानं काय कमी केलं होतं?

दगडपांगरीचा डोंगर म्हणजे अजिंठ्याच्या रांगेचा एक सुटलेला फाटा. वर माती कमी आणि काळा दगड जास्त. दगडाच्या भेगांतून सालई, धावडा, अंजन, आणि उतारावर बोरी. परक्या माणसाला हा डोंगर उन्हाळ्यात भकास वाटतो. वाटू द्या. ज्यानं ऑक्टोबरात इथलं गवत कमरेला लागताना पाहिलं नाही, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

या डोंगरावर जायला चार-पाच वाटा होत्या, पण शालिग्रामची लाडकी एकच, खैरीची वाट. तिची गोष्ट अशी. शालिग्राम वीस-बावीस वर्षांचा असताना डोंगराच्या माथ्यापलीकडे चांगलं गवत आहे असं बापलेकांना कळलं, पण तिकडं जायला वाट नव्हती. माणसानं सरळ चढावं तर छाती फुटे, आणि गुरांचे पाय घसरत. तेव्हा बापानं जुन्या गायक्यांची रीत काढली. कळपातली गाभण गाय निवडायची, तिला सकाळी डोंगराच्या पायथ्याला सोडायची आणि मागं मागं गुपचूप चालायचं. हाकायचं नाही, वळवायचं नाही. पोटातल्याला जपत ती अशी चढते की तिला कुठं दम लागत नाही, कुठं पाय सरकत नाही. ती जिथून गेली तिथं खुणेचे दगड मांडायचे, की झाली वाट.

त्या वर्षी गाभण होती खैरी. तांबूस रंगाची, एक शिंग वाकडं असलेली, भारी हट्टी गाय. तीन दिवस ती त्यांना डोंगरभर हिंडवत होती. मध्येच एका खडकाला मान घासायला उभी राही ती अर्धा तास हलत नसे. शालिग्राम कंटाळून म्हणाला, "बाबा, हिले वाट काढाची हाय का गोचीड?" बाप म्हणाला, "तू गप बस बे. माणसानं काढलेल्या वाटेनं दम लागते, गाईनं काढलेल्या वाटेनं नाई लागत." आणि झालंही तसंच. ती वाट वेडीवाकडी होती. मान घासायच्या खडकाला ती खरोखर वळसा घालायची, सालईच्या गर्द सावलीत शिरायची, आणि मग हळूच माथ्यावर निघायची. पण म्हातारी माणसंही तिच्यावरून बोलत बोलत चढत. पुढं खैरी म्हातारी होऊन मेली, तिच्या नातीपणत्या त्या वाटेनं गेल्या, आणि खुरांनी काही ठिकाणी दगडावर वाटीसारखे गुळगुळीत खळगे पडले.

मग दिवस पालटले. डोंगर अभयारण्यात गेला आणि चराई बंद झाली. तसंही गावात ट्रॅक्टर आले होते आणि बैल विकले जात होते. आखरावर शंभर गुरांची पन्नास झाली, पन्नासची बारा. एका सकाळी शालिग्राम काठी घेऊन आखरावर गेला आणि एकही गाय आली नाही. तो उन्हं चढेपर्यंत तिथंच उभा होता म्हणतात. त्याचं वय तेव्हा अठ्ठावन्न. त्यानं कुणाला दोष दिला नाही. जंगल राहिलं पाहिजे हे त्यालाही पटत होतं. पण जंगल राहिलं आणि आपण बाहेर राहिलो, हे काही त्याच्या जिवाला पटेना. चार-पाच वर्षं तो घरासमोरच्या ओट्यावर डोंगराकडं तोंड करून बसे. बायको अन्नपूर्णाबाई देऊळघाटची, जिभेची तिखट. ती म्हणायची, "काहो, तो डोंगर काही उठून येत नाही घरी. इकडं तोंड करा, भाकर थंडी होऊन राह्यली."

पण डोंगरानं खरंच बोलावलं. अभयारण्यात पायवाटा खुल्या करायचं ठरलं. शहरातले लोक पाठीवर पिशव्या बांधून मुद्दाम चालायला येणार म्हणे. गावात पुष्कळ हसणं झालं. ज्या डोंगरावरून एकदाचं उतरावं म्हणून आपल्या पिढ्या शिकल्या, तिथं हे लोक हौसेनं चढणार! वाटाड्या म्हणून गावची माणसं हवी होती आणि शालिग्रामचं नाव सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं. त्याला खाकी टोपी मिळाली, बूट मिळाले आणि पाठीवर 'गाईड' लिहिलेला हिरवा टी-शर्ट मिळाला. तो त्यानं धोतरावर घातला. पहिल्या दिवशी टोपी घालून तो खैरीच्या वाटेला लागला तेव्हा पहिल्या वळणावर थांबला आणि पाहुण्यांकडं पाठ करून डोळे पुसले. पाहुण्यांना वाटलं, आजोबा कुठला तरी पक्षी बघताहेत.

ही झाली चांगली वर्षं. नंतर डोळ्यांवर पडदा आला.

मोतीबिंदू एका दिवसात येत नाही, आणि आला तरी शालिग्रामसारखा माणूस त्याला दारातून आत घेत नाही. आधी लांबची माणसं ओळखेनाशी झाली. मग जवळची. एकदा त्यानं गावातल्या नारायणरावांच्या दारात उभ्या असलेल्या तुरीच्या पेंढीला वाकून राम राम घातला आणि उत्तर आलं नाही म्हणून चार दिवस नारायणरावांवर रुसून बसला. अन्नपूर्णाबाईला त्याच दिवशी कळलं.  ती ताटातली चटणी रोज एकाच जागी वाढू लागली, आणि पाण्याचा तांब्या उजव्या हाताला.

डोंगरावर मात्र कुणाला कळलं नाही, कारण डोंगर त्याला डोळ्यांनी कळतच नव्हता. पायांना कळत होता. बूट तो पहिल्या वळणाच्या पुढं काढून पिशवीत टाकायचा. मुरूम संपून खडक लागला की तळव्याला कळे. सालई आली की राळेचा वास येई. धावड्याला हात लावला की गुळगुळीत, अंजनाला लावला की खरबरीत. आणि कुठं शंका आली तर तो गुरांना घालायचा तशी लांब हाक घालायचा, "हिऽऽयोऽऽ!" समोरच्या कड्यावरून ती परत यायची. किती उशिरानं येते त्यावरून आपण कुठं आहोत हे त्याला बिनचूक समजे. पाहुणे खूश. पुढं पुढं तर तो धीटच झाला. "डोयातून काय पाहता बाप्पा, डोये बंद करा अन् वास घ्या," असं म्हणून सगळ्यांना डोळे मिटायला लावायचा, की तेवढ्या वेळात आपण चाचपडून झाडाचा बुंधा शोधायचा. लोकांना हे असं आवडलं की शहरातून माणसं फोन करून विचारू लागली, ते डोळे मिटायला लावणारे आजोबा रविवारी आहेत का?

तीन वर्षं हे चाललं. नजर जाते तसा माणूस बुडतो म्हणतात. हा बाबा तरंगत होता.

इलाज सोपा होता हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. बुलढाण्यात रोज डोळ्यांची ऑपरेशनं होतात. गावातल्या महादेवरावांनी दोन्ही डोळे करून घेतले होते आणि आता ते धामणगाव बढ्याच्या बाजारात लांबूनच वांग्यातली कीड ओळखून भाजीवाल्यांना वैताग देत. शालिग्राम लोकांना सांगे, "मले भेव वाटते सुईचं." ते खोटं होतं. सत्तेचाळीस वर्षं काट्यांत वावरलेल्या माणसाला सुईचं कसलं भय? खरं कारण त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. डोळ्यांसमोर सारं धुरकट झाल्यापासून त्याला डोंगरावर गुरं दिसू लागली होती. सकाळच्या उन्हात, त्या पांढुरक्या धुक्यात काही तांबूस हललं की त्याला वाटे, खैरी चालली. मागं तिची कालवड, मग नारायणरावांची बांडी गाय, मग म्हशी, त्या पळून गेलेल्यासुद्धा. त्याला ठाऊक होतं की ते गवत आहे, झुडूप आहे. पण धुक्यात ते ठाऊक असूनही चालत होतं. डोळे झाले की डोंगर रिकामा दिसणार होता, आणि तो रिकामा डोंगर शालिग्रामला पाहायचा नव्हता. माणसानं इतकंही मागू नये का? मी म्हणतो, मागावं. पण त्याच्या मागं बाकीची माणसं चालत होती.

जानेवारीतली गोष्ट. नागपूरहून अनुपमा नावाची कॉलेजातली बाई आपल्या पाच मैत्रिणींना घेऊन आली होती. सकाळची वेळ, बोरी पिकलेल्या. माथ्याच्या खालच्या मोकळ्या उतारावर पोचल्यावर अनुपमानं विचारलं, "आजोबा, तिकडं झुडपांजवळ ते काळं मोठं काय आहे?"

शालिग्रामला काळं काही दिसत नव्हतं, पण त्या उतारावर काळं काय असतं ते त्याला पाठ होतं. तो ऐटीत म्हणाला, "थो म्हसोबाचा गोटा हाय, बाई. माह्या बापाच्या जन्माच्या पयलेपासून तठीच हाय. जा जा, जवळून फोटो काढा."

दोघीजणी हसत हसत निघाल्या. वीस-पंचवीस पावलं गेल्या असतील, तेवढ्यात म्हसोबाच्या गोट्यानं मान वर केली.

किंकाळी नाही ऐकू आली. त्या बायांचा आवाजच बसला होता. शालिग्रामला आधी ती शांतता कळली, मग वाऱ्यावर आलेला उग्र वास, आणि मग कुणीतरी पुटपुटलं, "अस्वल." पुढचं सगळं त्यानं सवयीनं केलं. "पळू नका! मांगं मांगं सरका," असं म्हणून तो काठी खडकावर आपटत, छाती फोडून हाका घालत पुढं झाला. अस्वलाचं पोट बोरांनी भरलेलं होतं आणि त्याला भांडणात रस नव्हता. ते हुंकारलं, वळलं आणि झाडीत शिरलं. बाया शालिग्रामच्या पाया पडल्या, रडल्या, मग हसल्या. एकीनं मोबाइलवर सगळं टिपलं होतं. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं, की शालिग्रामबाबानं एकट्यानं अस्वल पळवलं. नारायणराव स्वतः हार घेऊन आले.

हार गळ्यात घालून शालिग्राम ओट्यावर बसला होता. अन्नपूर्णाबाईनं चहा आणला. लोक गेल्यावर तो हलकेच म्हणाला, "त्या पोरीयले म्याच धाडलं होतं अस्वलापाशी."

ती म्हणाली, "मले मालूम हाय."

"तुले कोणं सांगतलं?"

"गोटा म्हणून सांगतलं असन तुमी. तुरीच्या पेंढीले राम राम घालणारा माणूस, अस्वलाले गोटा नाही म्हणनार त काय म्हणन?"

रात्रभर काय झालं ते त्याचं त्याला माहीत. सकाळी मात्र तो हार तसाच खुंटीवर टाकून वनरक्षकांच्या चौकीवर गेला. तिथं समता नावाची मुलगी नेमणुकीला होती, जळगाव जामोदकडची, सातपुड्याच्या पायथ्याला वाढलेली, त्यामुळं डोंगराची जाण असलेली. ती शालिग्रामला बाबा म्हणायची आणि त्याच्या हाका तिला हुबेहूब घालता यायच्या. तिनं खुर्ची पुढं केली. तो बसला नाही.

"म्याडम, मले दिसत नाही," तो म्हणाला.

"काय दिसत नाही, बाबा?"

"काईच."

समता आधी हसली. मग तिनं त्याच्या तोंडासमोर हात हलवून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "कधीपासून?"

"तीन वर्षं झाले असन."

 मग ती चिडून बोलली, आणि चिडण्याचा तिला पूर्ण हक्क होता. "तीन वर्षं, बाबा! शाळेची पोरं नेली तुमी वरतं. मले एका शब्दानं सांगितलं नाही?"

"सांगतलं असतं त तुमी डोंगर बंद केला असता माह्यासाठी."

"हाव, केला असता!"

तिनं टोपी मागितली. शालिग्रामनं ती काढून टेबलावर ठेवली. समता म्हणाली, "डोळे करून आले की घेऊन जाजा. तवरोक ही अठीच राहीन. दुसऱ्या कोणाले देत नाही मी." हे शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज मऊ झाला होता, पण शालिग्रामला तो ऐकू आला नसावा.

महिना गेला. तो पुन्हा ओट्यावर, डोंगराकडं तोंड करून. बुलढाण्याला जाऊ म्हटलं की उद्या म्हणे. लेकानं समजावलं, महादेवरावांनी आपले दोन्ही डोळे विस्फारून दाखवले, काही उपयोग नाही. शेवटी अन्नपूर्णाबाई एका दुपारी त्याच्या शेजारी येऊन बसली. ती कधी शेजारी बसत नसे, तिला कामं असत.

"तुमाले त्या धुक्यात ढोरं दिसतात," ती म्हणाली. "मले मालूम हाय. झोपेत हाका मारता तुमी. खैरी, खैरी."

त्यानं तोंड डोंगराकडंच ठेवलं.

"दिसू द्या, माहं काही म्हणनं नाही. पण मी नाही दिसत तुमाले त्या धुक्यात. तीन वर्षं झाले, माह्या तोंडाकडं पाहून बोलले नाही तुमी. मी इकडं असतानी तुमी तिकडं बोलता. मेलेली गाय दिसते अन् जिती बायको नाही दिसत, हा कोणता देवाघरचा न्याय हाय?"

शालिग्रामनं मान खाली घातली. मग हात लांब करून तिचा हात शोधला, तोही आधी सापडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं बुलढाण्याला गेली.

पट्टी निघाली तेव्हा पहिल्यांदा त्याला दिसली अन्नपूर्णाबाई. त्यानं तिच्याकडं लक्ष देऊन पाहिलं. केस पांढरे, गाल बसलेले, कपाळावरचं गोंदण सुरकुतीत गेलेलं. तो म्हणाला, "लय म्हातारी झाली व तू."

"आरसा पाहा अगुदर," ती म्हणाली, आणि मग पदर डोळ्यांना लावून तिनं दवाखान्यातल्या सगळ्यांदेखत रडून घेतलं.

मार्चमध्ये, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, शालिग्राम चौकीवर गेला. समतानं टोपी झटकून दिली आणि ती म्हणाली, "आज पाहुणे नाही. आपण दोघंच जाऊ. पाहून घ्या तुमचा डोंगर."

पळस फुलला होता. गवत वाळून आडवं झालं होतं आणि सकाळची हवा इतकी स्वच्छ होती की लांबच्या कड्यावरची एकेक भेग दिसत होती. शालिग्राम हळूहळू चालत होता. आता रिकामं दिसणार, आता दिसणार, असं मनाशी म्हणत त्यानं वर पाहिलं. आणि रिकामंच दिसलं. कुठं काही तांबूस हललं नाही. जिथं हललं तिथं ते गवत होतं. त्याला वाटलं होतं तेवढंच वाईट वाटलं, त्याहून कमी नाही. तो म्हणाला, "गेले सारे," आणि समतानं त्याला थोडं मागं राहू दिलं.

सालईच्या पुढं मात्र तो गोंधळला. वाटेच्या वरच्या अंगाला, तीस-चाळीस पावलांवर, घाणेरीच्या जाळीत त्याला खडकावरचे वाटीसारखे खळगे दिसले. तो काट्यांतून तिथवर गेला आणि खाली बसून त्यानं खळग्यावरून बोट फिरवलं. खुरांचेच होते. शंका नाही. पण खैरीची वाट इथं होती, तर मग खाली ही पायाखालची रुळलेली, स्वच्छ वाट कुणाची?

"म्याडम, हे खालची वाट कोणं काढली? मशीन आणली होती का?"

समता त्याच्याकडं पाहतच राहिली. "बाबा, मस्करी करता का? तुमीच काढली. तीन वर्षं तुमी जिथून गेले तिथून लोक गेले. त्यायच्या पायानं वाट झाली. आमी मांगून गोट्यायवर पांढरे पट्टे मारले."

"म्या? म्या त खैरीच्या वाटेनं नेत होतो."

"खैरीची वाट कधीचीच बुजली. घाणेरी वाढली तिच्यात. तुमी तिले चुकवून खालून गेले असान, काटे लागले म्हणून."

शालिग्राम त्या खडकावर बसून राहिला. तीन वर्षं तो शेकडो लोकांना शपथेवर सांगत होता की ही गाभण गाईनं काढलेली वाट आहे. आणि ती एका आंधळ्या म्हाताऱ्यानं काढलेली होती! त्याला आधी लाज वाटली. मग खैरीची वाट आपल्या नजरेआड, आपल्याला न सांगता मरून गेली याचं दुःख झालं. आणि मग, खोटं कशाला सांगा, त्याला आनंद झाला. सत्तेचाळीस वर्षं तो गुरांच्या मागं चालला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मागं वाट झाली होती. खाली उतरून तो त्या वाटेवर आला आणि पाय मुद्दाम दाबून दाबून चालू लागला. चढ कसा बेताचा होता! पाय कुठंही अडत नव्हता. "नकाशावर छापून आली बाबा तुमची वाट," समता मागून म्हणत होती. "फाटकापाशी बोर्डावर लावली. लोकायले हीच लय आवडते."

तो हसत होता. हसत हसतच तो माथ्याखालच्या वळणावर पोचला आणि जागच्या जागी थिजला.

वाट तिथं कड्याच्या काठानं जात होती. काठानं म्हणजे किती, तर हात-दीड हात. पलीकडं चाळीस हात सरळ तुटलेला खडक आणि खाली दगडांचा खच. तीन वर्षं त्याच्या तळव्यांना तिथं मऊ, सपाट, दगड नसलेली जमीन लागायची. खालून वर वारा यायचा आणि तो त्याला सुखाचा वाटायचा. तो पाहुण्यांना म्हणायचा, "बसा अठी, दम खा." लोक कौतुकानं काठावर पाय सोडून बसायचे.

"हेच तं तुमचं फोटोचं ठिकाण," समता म्हणाली. "आमाले वाटे, बाबा मुद्दाम आणतात लोकायले, खालचं दिसावं म्हणून."

 शालिग्राम खाली बसला आणि बसल्या बसल्या मागं सरकला. त्याच्या डोळ्यांपुढं एकेक माणूस येऊ लागला. बुलढाण्याच्या शाळेची मुलं, एकमेकांना ढकलत चालणारी. अकोल्याचे ते थकलेले गृहस्थ, ज्यांना तो स्वतः हात धरून इथून घेऊन गेला होता, कडेच्या बाजूनं. कुणाची तरी पोटुशी सून होती. कुणी पडलं नाही. एकही नाही. त्यानं हे दोनदा मनाशी म्हटलं.

"देवाची किरपा बाबा," समता म्हणाली. तीही आता काठापासून मागं सरली होती.

"देव काय दरवेळी राखणीले बसते का?" तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "बंद करा हे वाट."

"सालईपासून वरतं?"

"हाव. तठून अठीवरोक. सारी."

"साहेबाले सांगतो मी. पण बाबा, नकाशावर..." ती अडखळली. तिला म्हणायचं होतं की त्या नकाशावर तुमचं आयुष्यातलं एकच काम छापलंय. ते तिला म्हणता आलं नाही आणि त्यानं म्हणू दिलंही नाही.

"रविवारी लोक येतीन. साहेब कधी येतीन कोणाले ठाव."

दोघं सालईपाशी परत आली. उतारावर बोरीच्या वाळक्या फांद्या पडल्या होत्या. शालिग्रामनं त्यातली एक मोठी, काटेरी फांदी ओढत आणली आणि जिथून त्याची वाट कड्याकडं वळत होती तिथं आडवी टाकली. मग दुसरी आणली, मग तिसरी. समता मदतीला वाकली तर तो म्हणाला, "राहू द्या, मले करू द्या." फांद्यांवर त्यानं दगड ठेवले. बोटांना काटे बोचले, रक्त आलं. काम झाल्यावर तो त्या वाटेकडं तोंड करून उभा राहिला आणि त्याला रडू आलं. खैरी गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. ती गाय होती, म्हातारी झाली आणि गेली. ही वाट तरणीताठी होती, आणि तिला त्यानं स्वतःच्या हातानं मारलं होतं.

मग त्यानं नाक पुसलं आणि डाव्या हाताला, डोंगराच्या आतल्या अंगाला पाहिलं. तिथं वाट नव्हती. गवत होतं, दगड होते, दोन धावड्यांच्या मधून चढ दिसत होता, आणि पुढं काय आहे ते कळत नव्हतं. तो बराच वेळ नुसता पाहत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापुढं कुणी गेलेलं नव्हतं आणि त्याला सगळं दिसत होतं. त्याला भीती वाटली. त्यानं बूट घट्ट बांधले, काठीनं समोरचा दगड ठोकून पाहिला आणि पहिलं पाऊल टाकलं.

समता मागोमाग निघाली, तसा त्यानं मागं न बघता हात वर केला.

"तुमी थांबा, म्याडम. अगुदर मले जाऊ द्या. पडलो त मी एकटा पडीन."

ती थांबली. तो काठी टेकत, एकेक दगड नीट पाहत, धावड्यांच्या मधून वर गेला.